इन्चार्ज सिस्टरचा गौरव करायचाय? निवड समितीत नव्याने आलेल्यांसाठी

१२ मे जवळ आला की बऱ्याच रुग्णालयांत एक गंमत दिसते. परिचारिका दिनाला ज्यांचा सत्कार व्हायचा, त्याच इन्चार्ज सिस्टर सकाळपासून नाश्त्याची ऑर्डर, रांगोळी आणि हार यांच्या मागे धावत असतात. दुपारी स्वतःच मागवलेला हार गळ्यात पडतो. निवड कशी झाली म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, "यंदा त्यांचा नंबर होता."

नंबर लावून दिलेला पुरस्कार कुणाला खटकत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. समितीवर पहिल्यांदाच नाव आलं असेल, मग तुम्ही एचआरचे असा, क्वालिटी विभागाचे, नर्सिंग ऑफिसचे किंवा डॉक्टर, तर हे काम नीट कसं करायचं ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी पद ओळखा

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, तिच्या वर वॉर्ड सांभाळणारी परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि अधिसेविका. बोलताना सगळे परिसेविकेला इन्चार्ज सिस्टर आणि अधिसेविकेला मेट्रन मॅडम म्हणतात. खासगी रुग्णालयात पाट्या वेगळ्या असतात, पण कामाची उतरंड साधारण तीच. इन्चार्ज ब्रदरही असतात. अर्ज छापताना ते विसरू नका.

हा पुरस्कार इन्चार्जसाठी आहे. उत्तम सलाइन लावणारी, पेशंटच्या उशाशी बसून धीर देणारी नर्स वेगळी. तिच्यासाठी वेगळा पुरस्कार ठेवा. इन्चार्जचं काम माणसं सांभाळण्याचं. त्यामुळे इथे प्रश्न एवढाच, की या बाईंच्या हाताखाली काम करणाऱ्यांचं काय होतं? पेशंटांशी गोड आणि ज्युनियरवर खेकसणाऱ्या इन्चार्ज दरवर्षी पुरस्कार घेऊन जातात, कारण समिती फक्त पेशंटांचे अभिप्राय वाचते.

"सांभाळून घेतात" म्हणजे नक्की काय

करुणा हा शब्द अर्जावर छापला तर लोक भाषण लिहून देतात. वॉर्डात चालणारा शब्द आहे "सांभाळून घेणं". तोच वापरा, मात्र त्याला दोन अर्थ आहेत हे डोक्यात ठेवा. एक, माणसाला आधार देणं. दुसरा, चुकीवर पांघरूण घालणं. तुमची निम्मी मेहनत हे दोन वेगळे करण्यात जाणार आहे.

एक उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, पण १०० युनिटच्याही येतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. ड्रॉवरमध्ये दोन्ही एकत्र पडलेल्या. घाईत एका ज्युनियरने १०० च्या वायलमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. लाल सिरिंजवरच्या रेघा ४० च्या वायलच्या हिशेबाने असतात, म्हणून १० ऐवजी २५ युनिट गेले. तासाभरात साखर उतरून पेशंटला घाम फुटला.

पहिल्या इन्चार्जने सगळ्यांसमोर झापलं आणि मेमो काढला. दुसरीने साखर तपासायला लावली, डॉक्टरांच्या सांगण्यावरून डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिलं आणि पेशंट सावरल्यावर ज्युनियरला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊ दे, कुणाला सांगू नकोस." तिसरीने पेशंटकडे तितक्याच तातडीने पाहिलं, डॉक्टरांना आणि नातेवाइकांना काय झालं ते कळेल हे बघितलं, ज्युनियरला दहा मिनिटं बसवून पाणी दिलं, तिच्याकडचे उरलेले पेशंट दुसरीकडे सोपवले, शिफ्ट संपायच्या आत तिच्यासोबत बसून इन्सिडेंट रिपोर्ट (झालेल्या चुकीची लेखी नोंद) भरला आणि जाताना दोन्ही सिरिंज वेगळ्या डब्यांत ठेवायला लावल्या.

ज्युनियरला विचाराल तर दुसरी आणि तिसरी दोघीही "सांभाळून घेणाऱ्या". पुरस्कार तिसरीचा. दुसरीने मुलीला वाचवलं, पण सिरिंज त्याच ड्रॉवरमध्ये तशाच राहिल्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्यावर पडणार.

ब्रिटनमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक मायकेल वेस्ट यांनी आरोग्यसेवेतल्या अशा करुणेच्या नेतृत्वाचे चार भाग मांडले आहेत: लक्ष देणं, परिस्थिती समजून घेणं, समोरच्याचं दुःख जाणवणं आणि मदत करणं. आपल्या समित्यांची गाडी तिसऱ्यावर अडते. डोळ्यांत पाणी आलेली इन्चार्ज लक्षात राहते, सिरिंजचे डबे वेगळे करणारी राहत नाही.

वेळापत्रक

मार्चमध्ये सुरुवात करू नका. वर्षअखेरीचा डेड स्टॉक (टिकाऊ सामानाची नोंद), ब्रेकेजचा हिशेब आणि इन्व्हेंटरी यांत वॉर्ड बुडालेला असतो. १ ते १५ एप्रिल शिफारशी, २५ पर्यंत पडताळणी, ३० एप्रिलला निवड आणि मेचा पहिला आठवडा मानपत्र लिहायला. समारंभ १२ मेलाच हवा असं काही नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा म्हणून हा दिवस. पण त्या दिवशी बाकीचे इतके कार्यक्रम असतात, की आठवडाभर पुढे ढकललेला गौरव जास्त नीट होतो.

समिती पाच ते सात जणांची पुरे. त्यात दोन स्टाफ नर्स हव्यातच, शक्य असेल तर एक मावशी किंवा मामा (आया किंवा वॉर्डबॉय). ज्या वॉर्डाचं नाव चर्चेत आहे तिथलं माणूस त्या चर्चेपुरतं बाहेर बसेल, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. नंतर ठरवायला गेलात तर ते एखाद्याविरुद्ध वाटतं.

शिफारशीचा अर्ज

एक पान, तीन प्रश्न.

१. सिस्टरांनी तुमच्यासाठी किंवा तुमच्यासमोर दुसऱ्या कुणासाठी केलेली एक गोष्ट सांगा. साधारण कधी, कुठे, काय झालं?
२. त्यानंतर वॉर्डात काय बदललं?
३. हे आणखी कुणी पाहिलं?

"सिस्टरांचे गुण लिहा" असा प्रश्न टाकलात की "प्रेमळ, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष" ही त्रयी पन्नास अर्जांवर येईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

पेटी कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. इन्चार्जच्या टेबलाजवळ ठेवलेल्या पेटीत दोनच प्रकारचे कागद पडतात: खुशामतीचे आणि कोरे. हजेरीच्या मशीनजवळ किंवा कॅन्टीनमध्ये ठेवा. वॉर्डात एकमेकींचं अक्षर सगळ्यांना पाठ असतं, ओव्हर बुक (शिफ्ट बदलताना पुढच्यांसाठी लिहायची वही) रोज वाचलं जातं. म्हणून मोबाइलवरून भरायची सोय द्या आणि हाताने लिहिलेले अर्ज टाइप करूनच समितीपुढे ठेवा.

अर्ज मराठीतच भरायची सक्ती नको. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टर मोठ्या संख्येने आहेत. मल्याळममध्ये लिहू द्या, भाषांतर करून घ्या. मावशी-मामांचं तोंडी ऐकून दुसऱ्या वॉर्डाच्या माणसाने लिहून घ्यावं. त्यांचं बोलणं फार कामाचं असतं, कारण इन्चार्ज त्यांच्याशी कशी वागते हे साहेब लोकांना कधीच दिसत नाही.

आणखी एक अडचण आधीच लक्षात घ्या. आयसीयू आणि बालकांच्या अतिदक्षता विभागातून गोष्टी भरपूर येतात, ऑपरेशन थिएटर आणि निर्जंतुकीकरण विभागातून जवळजवळ काहीच नाही. थिएटरमधल्या पेशंटला भूल दिलेली असते, तो कुणाचं नाव लिहिणार? या विभागांत स्वतः जाऊन शिफारशी मागा.

पडताळणी: ड्युटी लिस्ट वाचायला शिका

अर्ज आल्यावर लोक थेट मतदान घेतात. थांबा. ज्यांची नावं पुढे आली त्या वॉर्डांच्या मागच्या तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्ट नर्सिंग ऑफिसमधून मागवा. इन्चार्जचा स्वभाव जितका त्या कागदावर उमटतो तितका भाषणात कधीच नाही.

समजा वॉर्डात १२ सिस्टर आहेत आणि रात्रीला दोघी लागतात. ३० दिवसांच्या महिन्यात ६० नाइट झाल्या, म्हणजे सरासरी प्रत्येकीला ५. एकीला ८ आणि दुसरीला २ दिसल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका. दोनवालीला ताप येऊन गेला असेल, आठवालीने कॉलेजच्या परीक्षेसाठी स्वतः मागून घेतल्या असतील. विचारा: हे बाकीच्यांना माहीत होतं का, आणि पुढच्या महिन्यात उलटं झालं का? असमान लिस्ट कधीकधी सर्वांत मायेची असते. कारण न सांगता असमान असलेली मात्र नाही.

मग लाल शाईतल्या खाडाखोडी बघा. आयत्या वेळी किती बदल झाले, आणि ते नेहमी त्याच दोघीतिघींच्या नावावर पडतात का? दिवाळी, गणपती, ईद आणि नाताळ या दिवशी कोण होतं? रात्री ८ ला इव्हिनिंग संपवून सकाळी ८ ला मॉर्निंग असं किती जणींना लावलं? तालुक्याच्या गावाहून बसने येणाऱ्या सिस्टरला या बारा तासांतली झोप जेमतेम पाच तासांची मिळते. माणूस कमी पडला त्या दिवशी इन्चार्ज स्वतः कुठे होती, हेही लिस्टवर दिसतं.

इथे एक सापळा आहे. कायद्याने दिलेली गोष्ट दया म्हणून मोजू नका. कायद्यानुसार बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोनदा बाळासाठी वेळ मिळायला हवा. इन्चार्जने तो दिला तर तिने नियम पाळला. त्या वेळात तिचे पेशंट कोण बघणार हे आधी ठरवून ठेवलं, म्हणजे जाताना त्या मुलीला कुणाची नजर चुकवावी लागली नाही, तर ते अर्जावर नोंदवण्यासारखं.

इन्सिडेंट रिपोर्ट उलटे वाचा

नवे सदस्य हमखास चुकतात ती जागा ही. वर्षभरात एकही चूक नोंदलेली नाही तो वॉर्ड चांगला, असं त्यांना वाटतं. ३० खाटांच्या वॉर्डात वर्षभर एकही औषध उशिरा गेलं नाही, एकही पेशंट खाटेवरून घसरला नाही, यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. तिथे चुका होत नाहीत असं नाही, त्या लिहिल्या जात नाहीत. नवी इन्चार्ज आल्यावर थोडक्यात टळलेल्या चुकांचे रिपोर्ट वाढले तर बहुतेक वेळा मुलींना लिहायची भीती वाटेनाशी झाली असते. त्याच काळात गंभीर घटनाही वाढल्या असतील तर मात्र वेगळी चौकशी हवी. आकडा एकटा बघू नका. रिपोर्ट कुणी लिहिलाय ते बघा. ज्युनियरच्या हातचे, स्वतःच्याच चुकीचे रिपोर्ट फाइलमध्ये असतील तर त्या वॉर्डात इन्चार्जवर भरवसा आहे.

पंधरा मिनिटांची बोलणी

प्रत्येक उमेदवारासाठी चार माणसं: वेगवेगळ्या शिफ्टच्या दोन स्टाफ नर्स, एक मावशी किंवा वॉर्डबॉय आणि एक निवासी डॉक्टर. वॉर्डात बोलू नका, इन्चार्ज रजेवर असेल त्या दिवशीही नको. तसं केलं की चौकशी लागल्यासारखं पसरतं. उमेदवाराला आधी सांगा की तुमची शिफारस आली आहे आणि आम्ही चौघांशी बोलणार आहोत.

"सिस्टर कशा आहेत?" या प्रश्नाला "छान आहेत" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: तुमच्या हातून शेवटची चूक झाली तेव्हा सिस्टर पहिलं वाक्य काय बोलल्या? रजा नाकारली तेव्हा कशी नाकारली? वॉर्डात मृत्यू झाल्यावर पुढचा अर्धा तास कसा जातो? नातेवाईक अंगावर धावून आले तेव्हा सिस्टर कुठे उभ्या होत्या?

मृत्यूच्या प्रश्नावर जरा थांबा. पहिल्यांदा मृतदेह बांधायची वेळ आलेल्या मुलीला एकटीला पाठवलं, की सोबत कुणी गेलं? नंतर तिला चहा प्यायला दहा मिनिटं मिळाली, की लगेच पुढच्या ॲडमिशनची फाइल हातात दिली? उत्तरं बारीकसारीक असतात, लगेच लिहून घ्या. मारहाणीच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. इन्चार्जने तक्रार पुढे नेली, की "कशाला उगाच" म्हणून मिटवली, हेही विचारा.

निवडताना

गुण द्यायचे तर चारच गोष्टींना द्या: अडचणीतल्या माणसाला वेळेवर आधार, चुकीनंतरचं वागणं, ड्युटीतला न्याय आणि या सगळ्यातून वॉर्डात टिकलेला एखादा बदल. प्रत्येकी ५, एकूण २०. प्रत्येकाने घरी गुण द्यावेत, बैठकीत नाही. बैठकीत सर्वांत ज्येष्ठ माणूस पहिल्यांदा बोलतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात.

काही शिफारशी बाजूला काढाव्या लागतील. एकाच वाक्याच्या वीस प्रती आल्या तर कुणीतरी फिरून भरून घेतल्या आहेत. सेवानिवृत्तीच्या वर्षी निरोप म्हणून मागितलेला पुरस्कार नाकारा; सेंड ऑफ वेगळा आणि चांगला करा. आणि "वर्षभर एकही सुट्टी न घेता, दोन-दोन शिफ्ट करून वॉर्ड चालवला" ही शिफारस वाचून भारावून जाऊ नका. तिने वॉर्ड तारला असेल, पण रिकाम्या जागा भरायचं काम प्रशासनाचं होतं. हे मंचावर गौरवलंत की पुढच्या वर्षी सगळ्यांकडून तेच मागितलं जाईल. भारतीय परिचर्या परिषदेचा आयसीयूसाठीचा निकष एका पेशंटमागे एक नर्स असा आहे. तुमच्याकडे काय आहे ते त्याच बैठकीत वेगळ्या कागदावर लिहून प्रशासनाकडे पाठवा.

मानपत्र

दीडशे ते दोनशे शब्द. विशेषणं जवळपास नकोत. "कर्तव्यदक्ष व अजातशत्रू व्यक्तिमत्त्व" असं लिहिलेलं मानपत्र कुणाच्याही नावावर खपतं. त्याऐवजी असं:

"फेब्रुवारीत वॉर्डात तीन नव्या सिस्टर रुजू झाल्या. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना एकटीची नाइट लागणार नाही, असं सिस्टरांनी लिस्टवर लिहून ठेवलं आणि त्यासाठी स्वतः चार नाइट केल्या. औषधाच्या चुकीनंतर त्यांनी सिरिंजचे डबे वेगळे केले. तीच पद्धत आता चार वॉर्डांत आहे."

पेशंटचं नाव, खाट क्रमांक, आजार यांतलं काहीही येऊ देऊ नका. एचआयव्हीबाधित व्यक्तीची ओळख उघड करण्याला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, पण साध्या फ्रॅक्चरच्या पेशंटलाही आपली गोष्ट भिंतीवर नको असू शकते. चूक करणाऱ्या ज्युनियरची ओळख पटेल असा तपशीलही काढा. शेवटी मानपत्र छापण्याआधी नावाचं शुद्धलेखन सेवापुस्तकातल्या नावाशी ताडून बघा. फ्रेममध्ये चुकलेलं आडनाव घेऊन घरी जावं लागणं यासारखा अपमान नाही.

समारंभ आणि भेट

वॉर्डातच करा, माइक नको, पंधरा मिनिटं पुरेत. दुपारी पावणेदोनला मॉर्निंग आणि इव्हिनिंग दोन्ही शिफ्ट असतात. नाइटवाल्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी ८ च्या ओव्हरला मानपत्र पुन्हा वाचा. पाहुण्यांचं भाषण नसलं तरी चालतं, ज्युनियरपैकी एकीने वाचलेलं मानपत्र मात्र हवंच. तयारी नर्सिंग ऑफिस करेल. सत्कारमूर्तीच्या वॉर्डाला एकही काम देऊ नका.

अमेरिकेत नर्सना दिल्या जाणाऱ्या डेझी पुरस्काराकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. पॅट्रिक बार्न्स हा तरुण १९९९ मध्ये ३३ व्या वर्षी गेला. त्याच्या नर्सचे आभार मानायला कुटुंबाने हा पुरस्कार सुरू केला. विजेत्याला झिम्बाब्वेच्या कारागिरांनी हाताने कोरलेलं छोटं शिल्प मिळतं आणि साऱ्या वॉर्डाला सिनॅमन रोल, कारण आजारपणात पॅट्रिकने ते आवडीने खाल्ले होते. नर्सिंगमधल्या इन्चार्ज, मॅनेजर मंडळींसाठी त्यांचा वेगळा पुरस्कारही आहे. आपल्याकडे गरम बटाटेवडे चालतील. खाणं साऱ्या वॉर्डाला, मावशींसकट, एवढं पाळा.

शाल-श्रीफळ द्याच, घरच्यांना ते लागतं. त्यासोबत बदली माणूस देऊन सलग दोन दिवस ऑफ द्या. बदलीची सोय नसलेला ऑफ म्हणजे परत आल्यावर दुप्पट काम. एखाद्या कोर्सची फी किंवा वॉर्डातल्या चेंजिंग रूमसाठी धड खुर्च्या हीही चांगली भेट. सरकारी रुग्णालयात रोख रक्कम द्यायची असेल तर कार्यालयाची लेखी मंजुरी आधी. मानपत्राची प्रत सेवा-नोंदीत लावायला सांगा आणि लागली का ते महिन्याने तपासा.

ती प्रत पुढे उपयोगी पडते. केंद्र सरकारचे राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिले जातात, आणि प्रस्तावासाठी कामाचे लेखी पुरावे लागतात. निकष आणि मुदत त्या वर्षीच्या परिपत्रकातच पाहा. मागच्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स भरून पाठवू नका.

ज्यांची निवड झाली नाही

शिफारस आलेल्या प्रत्येक इन्चार्जला, तिच्याबद्दल आलेले मजकूर नावं आणि ओळखीच्या खुणा काढून, टाइप करून पाकिटात द्या. समारंभाच्या दिवशी नाही, नंतरच्या आठवड्यात. हाताखालच्या मुली आपल्याबद्दल काय लिहितात हे बहुतेक इन्चार्जना अख्ख्या नोकरीत वाचायला मिळत नाही. तक्रार तेवढी लेखी येते. पाकीट शिपायाकरवी पाठवू नका. समितीतल्या कुणीतरी स्वतः जाऊन, ओव्हर संपल्यावर, हातात द्यावं आणि उघडायच्या आत तिथून निघावं.